चक्का, बिनसाखरेचा

विश्रांतवाडीच्या चौकात माझी डेअरी.
वीस वर्षं चक्का घेणारा प्रत्येक जण विचारतो,
आंबट नाही ना?
हिने विचारलं, आंबट आहे ना?

मी वर पाहिलं.
कुरळे केस, कापडी पिशवी,
पिशवीच्या तळाला उत्खननाची माती.
डेक्कन कॉलेजात खापरं जोडायला शिकते म्हणाली.
नाव रंदा. मला ऐकू आलं रंधा.
आडनाव हद्दाद, म्हणजे तिच्याकडचे लोहार.
सुताराचं हत्यार, लोहाराचं घर
आणि उधारी दुधाची.
वहीत लिहून घेतलं.

पाव किलो चक्का तिने काउंटरवरच उघडला.
मीठ टाकलं. बोटाने मधे खळगा केला,
आपण पिठल्यात करतो तसा,
आणि त्यात हिरवट तेल ओतलं,
वर तीळ, कसलीशी वाळकी पानं चुरडून.
प्रमिला आतून म्हणाली, श्रीखंडाचा शाप लागेल.
मी चाखलं.
जीभ आधी बिचकली,
मग ओव्याची ओळख पटली,
पण तो ओवा नव्हता.

लबने, ती म्हणाली. लबन म्हणजे दही,
आणि त्याच पांढऱ्या मुळातून आलं देशाचं नाव,
लुबनान,
डोंगरावरचं बर्फ दुधासारखं दिसतं म्हणून.
मी दह्याला कवडी म्हटलं होतं, अमृत म्हटलं होतं,
देश म्हणायचं कधी सुचलं नव्हतं.

मग रोज संध्याकाळी, दूध यायच्या आधी, पाच मिनिटं.
तिच्या फोनची काच तडकलेली
आणि त्या काचेआड एक धबधबा,
जमिनीच्या पोटात कोसळणारा,
त्याच्यापुढे एकावर एक तीन दगडी पूल.
कोणी बांधले?
पाण्याने, चुनखडी खात खात.
आमचा दगड काळा, तो पाण्याला एवढी दाद देत नाही,
फार तर निघोजला रांजण कोरू देतो.
मग बालबेकचे सहा खांब, छप्पर कधीच गेलेलं,
नुसतं आकाश पेलून उभे.
मग एक झाड, थराथरांच्या आडव्या फांद्या,
सगळ्या थरांवर बर्फ.
हा आमचा अर्झ.
अर्ज? तो आम्ही तहसीलदाराकडे करतो.
ती हसली. मी नीट पाहिलं, म्हटलं, अगं, हा तर देवदार,
निदान त्याचा सख्खा चुलत भाऊ,
आणि काउंटरखालचं देवदारी खोकं ओढून काढलं,
तुपाचे डबे त्यात असतात.
ती गुडघ्यांवर बसली
आणि खोक्यात डोकं घालून
किती तरी वेळ नुसती श्वास घेत राहिली.
गिऱ्हाइकं थांबली होती. थांबू दिली.

लक्ष्मीपूजनाला चौकात सुतळी बॉम्ब फुटला.
पोरं हसत पळाली.
रंदा शोकेसपासून तीन पावलं मागे,
पाठ भिंतीला, दोन्ही हात मानेवर.
बराच वेळाने म्हणाली,
बंदर फुटलं त्या संध्याकाळनंतर
गल्लीत आम्ही तीन दिवस काचा झाडत होतो.
झाडूचा तो आवाज,
आणि वाक्य तिने तिथेच ठेवलं.
मी काय बोलणार.
डबे बाहेर काढले, खोकं पालथं घातलं,
भिंतीकडे सरकवलं, काचेपासून लांब.
बस म्हटलं.
त्यानंतर तिची जागा तीच.

मार्चमध्ये ती गेली. उधारी चुकती,
बावीस रुपये जास्तच.
फळ्यावर पेढे, लोणी, चक्का,
आणि त्याखाली आता माझ्या खडूने, लबने.
लोक विचारतात, हे काय नवीन?
धानोरीचे एक रिटायर्ड सुभेदार दोनदा घेऊन गेले,
तिसऱ्यांदा साखर मागितली.

रात्री शटर अर्धं ओढून
दही फडक्यात बांधतो, खुंटीला टांगतो,
खाली पातेलं.
थेंब पडत राहतात.
पाणी सवडीने काय काय करतं
याचा विचार करत खोक्यावर टेकतो.
लाकडाला आता तुपाचाच वास.
तरी बसण्याआधी
एकदा वाकून बघतोच.